करुणाचा पेनड्राइव्ह आणि बुवांचं शेवटचं कीर्तन

सोनबाबुवांनी शेवटचं कीर्तन केलं ते आमच्या अंथुर्ण्याच्या सप्त्यात, सहाव्या दिवशी. महिन्याभरात बुवा गेले. त्यांचा एक तास पन्नास मिनिटांचा आवाज तेवढा माझ्या मोबाइलवर राहिला, आणि तिथून मी तो घरच्या कॉम्प्युटरवर घेतला. कारखान्याच्या हापिसात सव्वीस वर्षं टायपिंग केलेलं, हात अजून चालतात. म्हणून ठरवलं, बुवांचा शब्द न् शब्द उतरवून काढायचा. एक ओळ ऐकायची, थांबवायचं, टाइप करायची. मृदंग जोरात असला की तीच ओळ दहा वेळा. दोन महिने झाले, शेवटची बारा मिनिटं उरली होती. डॉक्टरांनी डोळ्यांचा काचबिंदू सांगितलाय. हे लिहिलेलं गेलं तर पुन्हा पहिल्यापासून बसणं माझ्याच्यानं होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

अडचण कॉम्प्युटरची. विंडोज जुनी. इंटरनेटचं एक पान धड उघडेना, मेल जाईना. बुवांच्या पोरांना हे लिखाण पाठवणार कसं? नवीन सिस्टिम टाकावी म्हटलं, तर माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर हापिसातल्या जमान्यातलं. ते जुन्या विंडोजवरच चालतं, त्याची सीडी कधीच हरवलेली. दुसरीकडं फाईल उघडली की बुवांच्या वाणीचे नुसते किडे-मुंग्या होतात.

लासुर्ण्याची करुणा बारामतीला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. तिला विचारलं. ती म्हणाली, "दोन्ही ठेवू की, काकू. एकाच डब्यात जुनी विंडोज बी राहील आणि शेजारी नवी सिस्टिम, लिनक्स बी. चालू करताना विचारतंय, कुणाकडं जायचं म्हणून."

रविवारी सकाळी दहाला तिची स्कूटी अंगणात आली. आमचे हे, सर्जेराव, पायरीवर तंबाखू मळत बसले होते.

"म्हंजी हार्डडिस्कची वाटणी म्हण की," ते म्हणाले. "मोजणीवाला आणलायस का? आमच्याकडं बांधावरनं डोकी फुटत्यात."

"बांध मीच घालणार, आबा. जुन्याला ऐंशी टक्के, नव्याला वीस."

"धाकट्यावर अन्याव हाय ह्यो."

"धाकटा बारीक हाय, त्याला वीसात बी नाचायला जागा उरती."

हे हसले. सुनेनं चार वर्षांत जेवढं हसवलं नसेल तेवढं ह्या पोरीनं चहा यायच्या आत हसवलं.

करुणानं आधी कशालाच हात लावला नाही. सोबत आणलेल्या डिस्कवर माझ्या सगळ्या फायली उतरवून घेतल्या. पाऊण तास गेला. मग म्हणाली, "आता पूर्ण बंद करा, काकू." मी नेहमीसारखं डब्यावरचं बटण दाबलं. दिवा गेला. तिनं पेनड्राइव्ह लावला, पुन्हा चालू केलं, आणि पडद्यावर वेगळंच काही तरी उमटलं. ती वाचत गेली आणि तिची भुवई वर चढली.

"काय झालं गं?"

"जुनी डिस्क आकसून घ्यायला तयार न्हाय. शेजारी जागा करा म्हटलं तर देईना. सगळं पुसून नवं टाकू का, एवढंच विचारतंय."

पुसून म्हटल्यावर माझा हात आपसूक तुळशीच्या माळेवर गेला.

तिनं क्लासच्या युवराज सरांना फोन लावला, आवाज मोठा करून. सर घाईत होते. "अगं, विंडोज झोपलेली असणार, बंद झालेली नसणार. झोपेची फाईल जबरदस्तीनं उडव. दोन मिनिटांचं काम. कॉपी घेतलीयस ना?"

"घेतलीय, सर."

"मग भ्यायचं काय? उडव."

"उडीव की," हेही पायरीवरनं म्हणाले. "सर सांगतोय तर."

करुणानं फोन ठेवला. हात कळफलकावर होते, पण बोट हललं नाही. म्हणाली, "झोपलेल्याच्या हातात काय हाय ते बघितल्याबिगर त्याला ओढून उठवायचं न्हाय. काकू, तुमी रोज त्याच बटणानं बंद करता?"

"व्हय. हापिसातल्या सिस्टिमच्या पोरानं लावून दिलंय तसं. दुसऱ्या दिवशी जिथल्या तिथं उघडतं, बुवा ज्या ओळीवर थांबले असतील तिथनंच पुढं."

"ही झोप झाली, काकू. उघडं असलेलं सगळं त्या झोपेच्या फाईलीत धरून कॉम्प्युटर पडून राहतो. मगाशी बी तेच झालं."

तिनं पेनड्राइव्ह काढला आणि जुनीला जागं केलं. सगळं जसंच्या तसं उभं राहिलं. खाली एक खिडकी मिटून ठेवलेली होती, ती तिनं वर आणली. माझं कीर्तन. एक्क्याऐंशी पानं. करुणा वरच्या पट्टीकडं बघत राहिली. तिथं नाव नव्हतं.

"काकू," ती अगदी हळू म्हणाली, "ही फाईल मी घेतलेल्या कॉपीत न्हाय. ही अजून कुठंच ठेवलेली न्हाय. तुमी एकदा बी सेव्ह केली न्हाय?"

आता ह्या पोरीला काय सांगू? पण खरं तेच सांगितलं. "अगं, अध्याय पुरा झाल्याबिगर पोथी मिटत न्हाईत. बुवांचं कीर्तन अजून संपलेलं न्हाय. सेव्ह करायचं, नाव घालायचं, म्हणजे मिटल्यासारखंच की. म्हणून उघडीच ठेवली. पहाटे लाईट जात न्हाय, तेवढ्या वेळातच बसते."

हापिसात सव्वीस वर्षं काढलेल्या बाईनं हे बोलावं! क्लासमधल्या एखाद्या पोरानं कपाळ बडवून घेतलं असतं. हे सुद्धा पायरीवरून उठून आत आले. दोन मिनिटांचं काम. दोन मिनिटांत दोन महिने गेले असते.

करुणा हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "मिटायची न्हायच, काकू. उघडीच ठेवू. फक्त पोथीखाली पाट सरकवू. तात्पुरतं नाव काय देऊ?"

"रामकृष्णहरी दे."

तिनं तेच टाइप केलं. एकदा ह्या डिस्कवर ठेवलं, एकदा तिच्या.

मला वाटलं आता ती कामाला लागेल. तर तिनं खुर्ची माझ्याकडं सरकवली. "बारा मिनिटं राहिल्यात न्हवं? बसा. मी थांबवत जाते, तुमी टाइप करा."

"अगं, तुझा दिवस जाईल."

"जाऊ दे. आमचे आजोबा जलशात गायचे. गाणं मधीच कुणी तोडलं, तर त्या दिवशी जेवायचे न्हाईत. अर्ध्यावर सोडून मला बी घास उतरायचा न्हाय."

मग ती बुवांना थांबवत होती आणि मी लिहीत होते. तिचं बोट कसं अचूक! बुवांचा श्वास जिथं सुटायचा तिथंच थांबायचं, शब्द कधी मधे चिरला नाही. मृदंगाखाली दबलेली ओळ आली की मी काही म्हणायच्या आत ती मागं घ्यायची. कीर्तनात मागं उभ्या राहणाऱ्या टाळकऱ्याला बुवांची मान हलायच्या आधी चाल कळते ना, तसं. बारा मिनिटांना सव्वा तास लागला. बुवांनी शेवटी सगळ्यांची क्षमा मागितली, 'चुकलं-माकलं पदरात घ्या' म्हणाले, आणि मी पूर्णविराम दिला. फाईलला बुवांचं नाव घातलं. तिनं पुन्हा दोन्हीकडं ठेवली, आणि ह्या वेळी बटणाला हात लावू न देता, तिनं दाखवलं तसं, आतून पूर्ण बंद करायला लावलं.

मग पेनड्राइव्ह लागला आणि डिस्कनं मुकाट्यानं जागा करून दिली. पट्टी सरकत होती. मी पिठलं टाकलं, भाकरी थापल्या. दर भाकरीला बाहेर येऊन बघत होते. करुणा जागची हलली नाही. "आता वीज गेली तर?" ह्यांनी विचारलं, तर तिनं नुसतं टेबलाखालच्या बॅटरीकडं बोट दाखवलं. तीही तिनंच लासुर्ण्याहून आणली होती. माझं लक्षसुद्धा गेलं नव्हतं.

तीन वाजता पडद्यावर दोन ओळी आल्या. वर लिनक्स, खाली विंडोज. बाजूला आकडा उलटा धावत होता. दहा, नऊ, आठ.

"हे कशाचं गं?"

"तेवढ्यात निवडायचं, न्हायतर आपण होऊन वरच्याकडं जातंय."

"अगं, दहा सेकंदांत माझा चष्मा बी सापडत न्हाय!"

"साठ करते, काकू. आधी खालचं उघडा. तुमीच दाबा."

मी दाबलं. जुनी विंडोज आली, माझं सॉफ्टवेअर आलं, फाईल आली. पहिल्या नमनापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत एक काना, एक वेलांटी हललेली नव्हती. मग तिनं फाईलची चित्रासारखी प्रत काढली, कुठंही उघडेल अशी, आणि लिनक्समध्ये जाऊन मेलनं बुवांच्या थोरल्याला पाठवली.

आमच्यात कीर्तन झालं की एकमेकांच्या पाया पडतात. तिथं वय बघत नाहीत, काहीच बघत नाहीत. मी वाकले. करुणा खुर्चीतनं ताडकन उठली.

"काकू, हे न्हाय हां! तुमी मोठ्या!"

"तू बी वाक मग. आमची रीतच हाय तशी."

ती वाकली आणि दोघींची डोकी आपटली. हे दारात उभे राहून म्हणाले, "आता भाकरीची बी वाटणी करा. पोरगी सकाळधरनं उपाशी हाय."