बाटलीतलं रोप, वैशाखातलं ऊन

वैशाख आला. सातपुड्याच्या तपकिरी पायऱ्यांवरून तो मानाच्या जावयासारखा ऐटीत उतरला आणि आल्या क्षणापासून सारा मुलूख त्याने धाकात घेतला. जांभळ्या डोंगरकडा पांढुरक्या झाल्या. नदीच्या पात्रातून पाण्याऐवजी प्रकाश वाहू लागला. आणि त्या धगधगत्या, निर्दय, सुवर्णवर्णी दुपारच्या मधोमध, रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखाली, एक ओलसर, अंधूक, मायाळू संध्याकाळ दिवसभर मुक्कामाला होती.

जाळीखाली केळीची रोपं होती. मातीत न जन्मलेली, प्रयोगशाळेत, काचेच्या बाटलीत, दिव्याच्या उजेडात वाढलेली. पोपटी, नितळ, बोटाएवढी. वारा त्यांना ठाऊक नव्हता. धूळ त्यांना ठाऊक नव्हती. सूर्य नावाचा कुणी आहे, हेही त्यांच्या गावी नव्हतं. रोपवाटिकेत कामाला असलेली कोकिळा त्यांची दाई होती.

आधी प्लास्टिकचं पांघरूण. मग पांघरुणाची एक कड उचलायची, जरासा वारा आत येऊ द्यायचा. मग सकाळचं कोवळं ऊन, घोटभर. पुन्हा सावली. रोज पाणी थोडं तोडायचं, रोज ऊन थोडं वाढवायचं. घाई केली की पान आधी पांढरं पडतं, मग कागदासारखं करपतं, आणि करपलेलं पान काही केल्या हिरवं होत नाही. नव्या बायकांनी जाळी भसकन ओढली की कोकिळा खेकसायची, "अवं, बाटलीतलं लेकरू आहे ते! एकदम सूर्य दाखवशील, तर आंधळं होईल." बायका हसायच्या, पण जाळी सोडायच्या.

फाल्गुनात तिचा नवरा तुरुंगातून सुटून आला होता.

सुकलालनं एका हंगामाच्या हावेपायी डोंगराकडच्या शेतात, तुरीच्या उंच ओळींआड गांजा लावला होता. तूर डोक्यावर गेली, तिच्या आडोशाला तीही झाडं डोक्यावर गेली. मग एके पहाटे जीपगाड्या आल्या. ज्यानं बी दिलं, तो सुटला. ज्याच्या घरी माल जाणार होता, तोही सुटला. ज्याच्या हाताला माती होती, तेवढा अडकला.

गेला तेव्हा तो भाजलेल्या मडक्यासारखा होता, तांबूस, खणखणीत. आला तेव्हा त्याच्या अंगावरचं ऊन कुणीतरी वर्षानुवर्षं धुऊन काढलेलं होतं. फिकट कातडी, फिकट नजर, फिकट आवाज. पहिल्या दिवशी अंगणात उभं राहून त्यानं वर पाहिलं आणि दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. "एवढं मोठं उघडं असतं का वं वरती?" असं म्हणून तो मागच्या खोलीत, कणगीआडच्या अंधारात जाऊन बसला.

गावानं नाना सल्ले दिले. कुणी देवऋषी सांगितला, कुणी दारू सांगितली. काय करायचं, ते कोकिळेच्या हातांना ठाऊक होतं.

आधी नुसतं मागचं दार, तेही दिवेलागणीला. मग अंगण, सूर्य बुडाल्यावर. मग पहाट, गुलाबी, निःशब्द, माणसांच्या आधीची. मग निंबाची सावली, सकाळची, घोटभर. पुन्हा खोली. पुन्हा अंधार. पुन्हा निंब. ती घाई करत नव्हती, आणि तो हळूहळू, पानापानानं, उलगडत होता. एके सकाळी तो आपणहून निंबाखाली गेला आणि त्यानं शेजारच्या बैलाला चुचकारलं. कोकिळा भाकरी थापता थापता रडली. पावसाळ्यापर्यंत हा माणसात येईल, असं तिनं मनाशी धरलं.

आणि वैशाखात भाईदास आला.

भाईदास तिचा धाकटा भाऊ, वरच्या आळीत राहणारा. त्याच्या लेकीचं, जागृतीचं, लग्न ठरलं होतं. जागृतीची आई दोन वर्षांपूर्वी वारली होती. आणि देवकाला बसायचं तर जोडी लागते, नवराबायको लागतात, उपरण्याची आणि पदराची गाठ लागते. "ताई, तू आणि दाजी बसा," तो म्हणाला. "पोरीच्या डोक्यावर मायचा हात नाही. आत्याचा तरी असू दे."

कोकिळेच्या कपाळावर कुंकू होतं, पण कुंकवाचा मान नव्हता. इतकी वर्षं लग्नामांडवात ती खांबाआड बसली होती. ओटीचं ताट तिच्यापाशी आलं की जरा अडखळायचं आणि पुढे सरकायचं. विधवा म्हणावी तर नवरा जिवंत, सवाष्ण म्हणावी तर नवरा गजाआड. तिला एकदा, फक्त एकदा, सगळ्या गावाच्या देखत गाठ बांधून चालायचं होतं.

लवकर होतंय, हे तिला कळत होतं. कळत होतं, हेच तर कडू. केळीच्या रोपाला तिनं अशा घाईनं कधी उन्हात नेलं नसतं. नवऱ्याला बरं करायचं होतं, हे खरं. नवऱ्यासोबत दिसायचं होतं, हेही खरं. आणि दुसरं खरं पहिल्याहून भुकेलं होतं.

"अजून थोडं थांबलो तर?" सुकलालनं विचारलं.

"सकाळचंच तर काम आहे," ती म्हणाली. "मी आहे ना सोबत."

सकाळचं काम दुपारी सुरू झालं, कारण वाजंत्री उशिरा आले आणि लग्नघरात घड्याळाला कोण विचारतो! हिरवं लुगडं, हिरवा चुडा, हळदीनं पिवळे झालेले हात. नवं कोरं उपरणं, त्याची तिच्या पदराशी गाठ. देवकाची पंचपालवी, पाच झाडांचे डहाळे, आणायला मारुतीच्या देवळाकडे मिरवणूक निघाली. पुढे ढोल, मागे बाया, ओट्यांवर माणसं, गच्च्यांवर माणसं, हाताहातात मोबाइल. आणि वर तो, अनावृत, अफाट, पांढराशुभ्र वैशाख.

कोकिळा ताठ चालत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, रस्ता थोडा लांब असता तर बरं. शेजारी सुकलालचा श्वास वाढला होता, तो तिनं ऐकला, आणि ती चालत राहिली. गाठ मागे ओढली जात होती, ते तिला जाणवलं, आणि ती चालत राहिली.

चौकात एका म्हातारीनं कपाळावर हात धरून विचारलं, "माय वं, हाच का गांजावाला?" तिच्या विचारण्यात वाईट काही नव्हतं. नुसतं विचारलं होतं.

सुकलाल थांबला. मग भर चौकात, भर उन्हात, तो खाली बसला. उकिडवा. मान खाली, हात डोक्यावर, जसं तुरुंगात रोज मोजणीला बसवत तसं. ढोल एकेक करून थांबले. कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

तेव्हा कोकिळेनं पदर ओढला, गाठीला हिसका दिला आणि ती दातांतल्या दातांत म्हणाली, "उठा ना! लोकं पाहताहेत!"

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. साऱ्या गावाकडे पाहावं, तसं पाहिलं. मग खांद्यावरचं उपरणं काढून जमिनीवर ठेवलं, नीट घडी घालून, शिस्तीत, आणि भिंतीच्या कडेकडेनं तो निघून गेला.

देवकाचं काही अडलं नाही. भाईदासचा चुलतभाऊ आणि त्याची बायको उभीच होती. त्यांची गाठ बांधली, ढोल पुन्हा सुरू झाले. कुणी कोकिळेला थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पदराला बांधलेलं ते रिकामं उपरणं धुळीत फरफटत ती घराकडे धावली.

घराचं दार बंद होतं. तिनं ढकललं. कडी आतून होती.

इतकी वर्षं तिनं बाहेरून लागलेल्या कड्यांना शिव्या घातल्या होत्या. सरकारला, नशिबाला, देवालाही घातल्या होत्या. आता शिवी द्यायची तर कुणाला? "ऐकलं का," ती म्हणाली. "मी आहे." मग म्हणाली, "मी चुकले." मग तिनं दाराला कान लावला.

आत तो चालत होता. खोली चांगली लांब होती, चुलीपासून कणगीपर्यंत. पण भिंत यायच्या कितीतरी आधीच, कोठडीच्या मापानं, त्याची पावलं वळत होती. थोडी पावलं, आणि वळण. थोडी पावलं, आणि वळण. बाहेर ऊन, आणि ती. आत थोडी पावलं, आणि वळण.