जावईबापूंचा स्वतःचा धंदा

काचा बसवणारा फिटर कितीतरी वर्षं एकाच मालकाकडे नोकरीला होता, पण सासरी मात्र त्याचा स्वतःचा धंदा होता. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं, काय करता? त्याच्या तोंडून निघून गेलं, काचेची कंत्राटं घेतो. एकदा निघालेलं ते काही परत गिळता आलं नाही. सासऱ्यांचा जन्म कचेरीत साहेबांची हांजी हांजी करण्यात गेलेला. जावई कोणाचा ताबेदार नाही, याचं त्यांना कोण अप्रूप! लग्नाच्या मांडवात त्यांनी ते खुद्द मालकालाच ऐकवलं. मालक गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, "हो तर, आमचे भागीदारच म्हणा ना." फिटरला तेव्हा त्याचे पाय धरावेसे वाटले होते.

मग एका दुकानाची दर्शनी काच बसवताना शिडी सरकली. काच वाचली, फिटरचा खांदा गेला. नोकरीवरच्या कोणत्याही कामगाराला दुखापत झाली तर भरपाई मिळावी म्हणून मालकाने विमा उतरवला होता, पण हप्ता कमी बसावा म्हणून फिटरला कामगारांत धरलंच नव्हतं. फिटरने भरपाईचा दावा केला, तेव्हा मालकाने विमा कंपनीला कळवून टाकलं, हा माणूस आमचा नोकर नाही, स्वतंत्र कंत्राटदार आहे.

कंपनीच्या तपासनीस बाईंनी दोघांना बोलावून घेतलं. फिटर एकटाच जाणार होता, पण हात गळ्यात बांधलेला, पिशवी कोण धरणार, म्हणत सासरे इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. वाटेत खरं काय ते सांगून टाकावं असं त्याच्या ओठांवर आलं, आणि तो रस्त्यावरच्या गर्दीबद्दल बोलत राहिला.

खोली लहान होती. खिडकीची काच धरून ठेवणारी पुट्टी सुटली होती. फिटर तिच्याकडेच बघत बसला. मालकाने सांगितलं, हे आपल्या मर्जीचे मालक, येतात, काम करतात, जातात. हवं तर त्यांच्या घरच्यांनाच विचारा.

सासरे उभे राहिले. चौकशी कसली चाललीय हे त्यांना नीट उमगलंच नव्हतं. कोणीतरी जावयाला कमी लेखतंय, एवढंच वाटलं.

"आमचे जावईबापू कोणाच्या हाताखाली नाहीत, बाई. स्वतःचा धंदा आहे त्यांचा. ते बघूनच मी मुलगी दिली."

मालकाने समाधानाने मान डोलावली. बाईंनी लिहून घेतलं आणि फिटरकडे वळल्या. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गप्प बसावं तर खांद्याचं ऑपरेशन बुडालं, बोलावं तर ते या म्हाताऱ्याच्या तोंडावर.

बाईंनी विचारलं, हत्यारं कोणाची? मालकाची, तो म्हणाला. दुसरीकडे काम घेता का? एका मित्राच्या घरची काच बसवली होती, सुट्टीच्या दिवशी. त्यावरून मालकाने चारचौघांत झापलं होतं. आणि रजा?

"मागून घ्यावी लागते," फिटर म्हणाला. मग सासऱ्यांकडे न बघता म्हणाला, "लग्नाला आठवडा मागितला होता, दोन दिवस मिळाले. मोठं कंत्राट आलंय असं घरी सांगून मी कामावर गेलो. मी नोकर आहे, बाई. पहिल्यापासून नोकरच."

सासऱ्यांनी मागे हात नेऊन खुर्ची चाचपली आणि हळूच बसले. बाईंनी तेही लिहून घेतलं.

जिना उतरताना पिशवी सासऱ्यांच्याच हातात होती. खालच्या पायरीशी ते थांबले.

"आधी सांगितलं असतंत, तर मी आत तोंड उघडलं नसतं. तुमच्याच पायावर धोंडा टाकायला निघालो होतो मी."

चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं फिटरला झालं.

दावा मंजूर झाला, ऑपरेशनही झालं. मालकाने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. एका सकाळी बायको त्याचा दुखरा हात शर्टाच्या बाहीत घालत होती, तेव्हा त्याने खालमानेने विचारलं, तो नोकर आहे हे तिला कधी कळलं.

"पहिल्याच महिन्यात. मालकाचा फोन आला की तुम्ही उठून उभे राहायचात."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, सांगाल कधीतरी."

त्याला तिच्याकडे बघवेना. ती गुंड्या लावत राहिली, आणि तो लहान मुलासारखा निमूट उभा राहिला.