डॉर्कस ब्रॅनॉकने लिहिलेला नकार

क्विम्बी हसत हसतच आत आला आणि त्याने हातातली कागदांची गुंडाळी गव्हर्नरांच्या टेबलावर टाकली.

"घ्या साहेब. आपल्या विधानसभेने आज पराक्रम केलाय. एकवीस वर्षांवरच्या सगळ्या बायकांना मत. आठ विरुद्ध पाच."

"शुद्धीवर होते का सगळे?" ऑरिन ब्रॅनॉकने विचारलं.

"अर्धे होते. बाकीच्यांना वाटलं, गंमत करू. तुम्ही आता काय करता ते बघायचंय त्यांना."

दोघेही मनापासून हसले. खिडकीपाशी बसून डॉर्कस भावाच्या कोटाचं उसवलेलं अस्तर शिवत होती. क्विम्बी प्रदेशाचा सचिव होता, पण वळण असलेल्या घरातला होता. त्याला एकदम तिचं भान आलं.

"माफ करा हं, मिस ब्रॅनॉक. तुमच्यासमोर असं बोलायला नको होतं."

"बोला की," ती म्हणाली. "मी कोट शिवतेय."

डॉर्कस ऑरिनपेक्षा चार वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला अक्षरं तिनेच शिकवली, पण ती त्याच्या हाताला कधी नीट बसली नाहीत. आवाज मात्र देवाने असा दिला होता की त्याने नुसतं 'मित्रहो' म्हटलं तरी घोडेसुद्धा कान टवकारत. वकिली सुरू केल्यावर त्याचे अर्ज ती लिहू लागली, मग पत्रं, मग भाषणं. त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली आणि डॉर्कस घर सांभाळायला म्हणून कायमची त्याच्याकडे आली. तो त्यांच्या राज्याचा गव्हर्नर झाला. यादवी युद्धाच्या दुसऱ्या वर्षी कोर्टाच्या पायऱ्यांवर उभं राहून त्याने सैन्यभरतीसाठी भाषण केलं. ते भाषण तिने स्वयंपाकघरात, चुलीवर सफरचंदं शिजत असताना लिहिलं होतं. त्या एका दुपारी गावातल्या एकतीस पोरांनी नावं दिली. त्यांतली चौदा परत आली. त्यानंतर डॉर्कस चर्चमध्ये मागच्या बाकावर बसू लागली. कोणी विचारलं तर म्हणायची, पुढे वारा लागतो.

दुसऱ्या निवडणुकीत ऑरिन पडला. मग पाच वर्षं वॉशिंग्टनमधल्या ओळखीच्या माणसांना पत्रं गेली. तीही तिनेच लिहिली. शेवटी त्याला पश्चिमेकडच्या या प्रदेशाचं गव्हर्नरपद मिळालं. इथे गव्हर्नर निवडून येत नसे, वॉशिंग्टनहून नेमला जाई. फोर्ट डनिंग ही राजधानी म्हणजे एक रस्ता, सात दारूचे गुत्ते आणि झाडांच्या नावाने शंख. पण हा प्रदेश लवकरच राज्य होणार होता, आणि राज्य झालं की सिनेटवर दोन माणसं जाणार होती. त्यातला एक आपण, हे ऑरिनने येतानाच ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोरा हॅगर्टी धुतलेले कपडे घेऊन आली. विधवा बाई, पन्नाशीला आलेली, ओढ्याकाठी कपडे धुण्याचा धंदा. टोपली खाली ठेवून ती दारातच थांबली.

"बाई, खरं का हो ते? बायकांचं?"

"विधानसभेत झालंय. सही व्हायची आहे."

"मग करायला सांगा की. माझं काय झालंय बघा. त्या कत्तलखान्यानं माझ्या वरच्या अंगाला ओढ्यात रक्त सोडलंय. पांढरा शर्ट बुडवते, गुलाबी निघतो. नगरपालिकेत गेले सांगायला, तर तो टकल्या म्हणतो, 'तू कुठं मतदार आहेस?' कर घेताना नाही विचारलं मेल्यानं."

"मी काय सांगणार, नोरा."

"तुम्ही सांगाल ते होईल. साहेब तुमच्या शब्दाबाहेर नाहीत, सगळ्या गावाला माहितीये."

डॉर्कसला हसू आलं. "शब्दाबाहेर नाहीत, हे मात्र खरंय," ती म्हणाली. "बघते सांगून."

ऑरिनने जेवताना तिच्याकडे न बघताच विषय काढला.

"नकाराचा मसुदा करून ठेव. पण नीट लिही. हे वॉशिंग्टनमध्ये वाचलं जाणार आहे."

"मी दोन लिहिते," डॉर्कस म्हणाली. "एक नकाराचा आणि एक संमतीचा. वाचून ठरव."

त्याने मान वर केली. छपन्न वर्षांच्या बहिणीने आजवर कधी असं काही मागितलं नव्हतं. "लिही," तो म्हणाला.

नकार अर्ध्या तासात झाला. संमतीला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी दुपारी तिने दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले आणि ती नेहमीच्या खुर्चीवर बसली. त्याने संमतीचा कागद आधी उचलला. चांगलं काही हाती लागलं की तो उभा राहून मोठ्याने वाचायचा. तसा तो उभा राहिला.

"'माझ्या आईने विधवा झाल्यावर सोळा वर्षं शेत चालवलं, कर भरला, सहा मुलं वाढवली. सरकारने नवा रस्ता काढायचं ठरवलं तेव्हा गावातल्या प्रत्येक घराला मत विचारलं. एका घराला विचारलं नाही. रस्ता त्याच घराच्या गव्हातून गेला.'"

तो थांबला. त्याचे डोळे भरून आले होते. त्यात खोटं काही नव्हतं. ऑरिनला आईची माया होती.

"शेवटपर्यंत बोलायची ती त्या गव्हाबद्दल."

"रोज बोलायची."

त्याने पुढचं सगळं वाचलं, शेवटपर्यंत, खोलीत येरझारा घालत. त्या आवाजात ते इतकं खरं वाटलं, की डॉर्कसने क्षणभर डोळे मिटून घेतले.

"तू यापेक्षा चांगलं कधी काही लिहिलेलं नाहीस," तो म्हणाला आणि कागद खाली ठेवला. "पण यावर सही केली तर लोक मला हसतील, डॉर्कस. सिनेटवर कोणाला पाठवायचं ते उद्या हेच आठ आणि हेच पाच ठरवणार. मला एकदा तिथे पोचू दे. तिथून जास्त करता येईल."

"राज्याचा गव्हर्नर झालास तेव्हाही हेच म्हणाला होतास."

"तेव्हा युद्ध आलं. तो दुसरा कागद दे इकडे."

त्याने नकार बसूनच वाचला. "हा कोरडा झालाय. मनातून लिहिलेला नाहीस तू."

"नाही."

"आईचं ते वाक्य यात घे. सोळा वर्षं शेत चालवलं, सहा मुलं वाढवली, तिथपर्यंत. आणि पुढे लिही, 'पण तिने कधी मत मागितलं नाही.'"

"तिला कोणी विचारलं नव्हतं, ऑरिन."

"म्हणजे मागितलं नव्हतंच ना तिने. मी खोटं काय सांगतोय?"

त्या वेळी आपण कागद तिथेच ठेवून उठायला हवं होतं, असं तिला पुढे कितीतरी वेळा वाटलं. जायला जागा नव्हती हे खरं. पण कारण तेवढंच नव्हतं, आणि ते तिला स्वतःपासून लपवता आलं नाही. त्याने वाक्य सांगितलं त्या क्षणी तिला कळलं होतं, की ते बरोबर बसतंय. ते शेवटी नको, मधे हवं, आणि त्याच्यानंतर एक अगदी लहान वाक्य हवं. तिने टाक शाईत बुडवला. संध्याकाळच्या आत सगळं जुळून आलं. खाली ऑरिनने सही केली.

नकार विधानसभेत वाचला गेला तेव्हा गॅलरीत बसलेल्या बायकांनीसुद्धा डोळे पुसले. आठांपैकी तिघांनी नंतर येऊन गव्हर्नरांचा हात हातात घेतला. पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांनी आईबद्दलचा भाग चौकटीत छापला.

नोरा आठवड्याने आली. शर्ट मोजून टेबलावर ठेवले. सगळ्यांवर फिकट तांबूस झाक होती.

"वाचलं मी," ती म्हणाली. "पाद्र्याच्या बायकोनं वाचून दाखवलं. लई सुंदर लिहिलंय."

डॉर्कस शर्ट परत मोजू लागली.

"साहेब मला चिठ्ठ्या पाठवतात ना, खळ कमी घाल, गळपट्टी नीट कर. पाद्र्याची बायको म्हणते, 'शर्ट' लिहितानासुद्धा चुका करतात. म्हणून म्हटलं, एवढं सुंदर कोणी लिहिलं असेल." तिने टोपली काखेला लावली. "आजपासून कपडे दुसरीकडं द्या, बाई. माझ्याकडचं पाणी चांगलं नाही."

ऑरिन सिनेटवर गेला नाही. प्रदेश राज्य व्हायच्या आतच वॉशिंग्टनमध्ये माणसं बदलली आणि नवा गव्हर्नर नेमला गेला. दोन वर्षांनी तसाच ठराव परत आला तेव्हा या नव्या माणसाने चार ओळी खरडून सही करून टाकली. तोवर ही भावंडं आपल्या राज्यात, आपल्या गावी परतली होती. फोर्ट डनिंगला बायकांनी रांगेत उभं राहून मतं दिली, ही बातमी डॉर्कसने मटार सोलताना, टरफलं टाकायला अंथरलेल्या वर्तमानपत्रात वाचली. तिने नोराला एक पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

पुढे ऑरिन विसरू लागला. आधी नावं, मग वर्षं. आवाज मात्र तसाच राहिला. अडुसष्टाव्या वर्षी तो कोणालाही 'मित्रहो' म्हणून हाक मारायचा आणि माणसं खूश व्हायची.

त्या वर्षी नोव्हेंबरात न्यायाधीशाच्या जागेसाठी निवडणूक होती. व्हेलन नावाचा एक तरुण वकील उभा होता. गावच्या निराधारांच्या आश्रमात म्हाताऱ्या माणसांना मारणाऱ्या मुकादमाला काढीन, असं तो उघड सांगत होता. मुकादम ऑरिनच्या पक्षाचा होता. डॉर्कस दर गुरुवारी आश्रमात सूप घेऊन जायची आणि म्हाताऱ्यांच्या दंडांवरचे वळ बघून यायची. घर ऑरिननंतर पुतण्याला जाणार होतं आणि पुतण्याची बायको स्पष्ट बोलणारी होती. त्यामुळे त्या आश्रमातल्या खाटा डॉर्कस जरा निरखूनच बघायची.

मतदानाच्या दिवशी पक्षाची चार माणसं गाडी घेऊन आली. "गव्हर्नरसाहेबांना न्यायला आलोय. त्यांनी पहिलं मत टाकलं की लोकांना बरं वाटतं."

तिने त्याला कोट घातला. व्हेलनच्या नावाचा छापील कागद घडी करून त्याच्या जाकिटाच्या खिशात ठेवला. "हाच पेटीत टाकायचा. काय नाव?"

"व्हेलन," तो शहाण्या मुलासारखा म्हणाला. "म्हाताऱ्यांना मारत नाही तो."

मतदान आगीच्या बंबखान्यात होतं. या राज्यात बायकांना अजून मत नव्हतं. दारात दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं आणि एकाने डॉर्कसकडे बघून टोपी जराशी उचलली. "तुम्ही इथेच थांबा, मिस ब्रॅनॉक. आत धूर फार आहे." ती भिंतीच्या आडोशाला उभी राहिली. आतून टाळ्या ऐकू आल्या. मग त्याचा आवाज आला, "मित्रहो," आणि परत टाळ्या.

तो बाहेर आला तेव्हा खूप आनंदात होता.

"टाकलास कागद?" तिने त्याचा मफलर नीट करत विचारलं.

"टाकला."

"कुठला?"

"त्यांनी हातात दिला तो. फार चांगली माणसं आहेत, डॉर्कस. मला खुर्ची दिली."

जाकिटाच्या खिशातून घडीचं टोक वर आलं होतं. तिने ते बोटाने आत सारलं आणि कोटाची बटणं लावली, खालपासून वरपर्यंत सगळी.

गाडीत त्याला पुढे बसवलं. आणखी तीन माणसं चढली. मागे रिकाम्या पिंपांमध्ये थोडी जागा होती. गाडीवानाने तिकडे हात केला.

"नको," डॉर्कस म्हणाली. "मी चालत येते."

रस्ता चिखलाचा होता. गाडी वळणापलीकडे गेल्यावर तिने घागऱ्याचा घोळ एका हाताने उचलून धरला आणि कडेच्या गवतावरून ती चालू लागली.