कुसुंब्याचं पाणी

मी कापसाच्या घरची बाई. धोतर असो का गोधडी, राखेच्या खारात बुडवाची, दगडावर आपटाची अन् कुंपणावर टाकाची, एवढंच मले येते. यंदा कापसाले असा भाव आला का आमच्या नांदगाव पेठेतल्या बायाही अमरावतीहून रेशीम आणून राहिल्या. आमच्या घरच्यायनं मलेही एक जरीचं लुगडं आणलं. ते अजून पेटीतच हाये. रेशीम धुवाचा प्रसंगच कधी आला नाही.

जयवंता माही धाकटी जाऊ, माहेर अचलपूरचं. तिच्या भावाचं लग्न निघालं. माय वारलेली, म्हणून वरमाय व्हायचा मान हिच्याकडे आला. अंगावर मायचंच कुसुंबी रेशीम पाहिजे, असं तिनं केव्हाचं ठरवलं होतं. मायनं ते सोताच्या हातानं रंगवलं होतं. पेटीतून काढलं तं पदराले डाग अन् कुबट वास. त्यातच जयवंता बाहेरची झाली. आता कोणाले शिवाचं नाही, गोठ्याजवळच्या खोपडीत बसाचं. तिथूनच मले म्हणे, "बाई, रिठे भिजू घाला. थंड्या पाण्यात हलक्या हातानं काढा. खार नका लावू."

"यडी समजली का मले?" मी म्हटलं. "तू यायच्या आधीपासून या घरचे कपडे धुते मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू वावरात गेलेली, वेचणीच्या बायायच्या भाकरी थापाच्या बाकी. रिठे फोडत कोण बसते? खाराचं घंगाळ भरून तयारच होतं. म्हटलं, एका बुडवणीनं काय होते? अन् खरं सांगू, मले रागही आला होता. एका लुगड्यापायी एवढे नखरे.

बुडवलं अन् चुलीकडे गेली. परत येऊन पाहते तं घंगाळातलं पाणी नारिंगी झालेलं, अन् लुगड्यात रंगच नाही. मेलेल्या बाईची वस्तू, अन् मी तिची वाट लावली.

तवाच जाऊन सांगाले पाहिजे होतं. पण मी घंगाळ उचललं, मांगच्या उकिरड्यावर रिकामं केलं अन् वरून कचरा ओढला. ते पाणी दिसलं असतं तं मी खार वापरला हे कळलं असतं. मंग लुगडं तिच्यासमोर दोरीवर टाकलं.

"रंगच कच्चा होता तुह्या मायचा," मी म्हटलं. "रिठ्यातही टिकला नाही."

जयवंता दारापर्यंत आली, पाहत राहिली. "रिठ्यानं नाही उतरत हा रंग, बाई. खारानंच उतरते." मले वाटलं, आता तोंड सोडते. पण ती हासली. "भेऊ नका. मायही अशीच रंगवे. कुसुंब्याची फुलं खारात चोळून रंग काढे, मंग त्याच पाण्यात लिंबू पिळे अन् रेशीम बुडवे. रंग पाण्यातून कापडावर चढते. आपला रंग कुठं गेला नाही, घंगाळातच हाये. लिंबं तेवढी तोडून आणा, मी इथून सांगते."

मी परड्यात गेली. आधी दोन्ही हातायनं उकिरडा उकरला. भुईनं सारं पिऊन टाकलं होतं. तरी लिंबं तोडली. कशाले तोडली, मलेच ठाऊक नाही.

"अन् घंगाळ?" जयवंता म्हणे.

"उकिरड्यावर ओतलं. तुले दिसू नये म्हणून."

ती खाली बसली अन् पदरात तोंड घालून रडली. मले चार शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं. मी माहं जरीचं लुगडं आणून उंबऱ्यावर ठेवलं. "हे नेस. तुलेच ठेव."

"उचला, बाई," ती म्हणे. "मले मायचं पाहिजे होतं."

आज सकाळी तिचा भाऊ शेषराव बैलायची दमनी घेऊन आला. जयवंता कालच न्हायली होती. बाहेर आली तं अंगावर तेच फिकं लुगडं. शेषराव पाहतच राहिला. "मायच्या लुगड्याचं हे काय झालं, अक्का?"

सासू ओट्यावर बसलेली, शेजारच्या बाया दारात जमलेल्या. जयवंतानं माह्याकडे पाहिलं नाही. "काल न्हाल्यावर माह्याच हातून खारात पडलं," म्हणे. "घाईत भान राहिलं नाही."

"एक निशाणी होती मायची," शेषराव म्हणे. "तेवढीही सांभाळता आली नाही तुले?"

ती खालमानेनं ऐकत राहिली. मी दोन पावलांवर उभी. भर बायांत माही लाज जाईल, एवढंच डोक्यात.

दमनी निघाली. ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर सासू मले म्हणे, "धाकटीले अक्कल नाही. तुह्या हाती दिलं असतं तं असं झालं असतं का?"

मी म्हटलं, "नाही."