गिळलेला राग

ठिणगीला राग आला की काच तडकायची. लहानपणी पेले गेले, बरण्या गेल्या, एकदा तर शेजारच्या आजोबांच्या नाकावरचा चष्माच तडकला. आणि नशीब असं, की बापाचं दुकान काचेचंच! पुढे आरसे, मागे लाकडी घोडीला टेकवून उभ्या केलेल्या मोठाल्या काचा आणि मधे बाबांचं कापायचं टेबल. ती अकरा वर्षांची असताना पोहायला पाठवलं नाही म्हणून दिवसभर तोंड मिटून धुमसत बसली आणि भिंतीवरचा आरसा फुटला. आईच्या भुवईवर टाके पडले. तेव्हापासून घरात एकच धोशा होता. राग आवर.

सतराव्या वर्षी मात्र ती अगदी निवली. वर्षभरात साधा पेलाही फुटला नाही. आईबाबांना हायसं वाटलं. तिला मात्र डोक्यात ओला कापूस भरल्यासारखं व्हायचं. वर्गात बसल्या बसल्या पेंग यायची आणि कुणी काही बोललं तरी मनाला लागायचं नाही.

त्या कापसातून आत शिरला तो एकटा ठोंब्या. दोन दुकानं सोडून त्याच्या काकांचं तसबिरी मढवायचं दुकान होतं. मापाच्या काचा न्यायला तो रोज यायचा. गर्दीत मख्खासारखा उभा राहायचा म्हणून पोरांनी हे नाव ठेवलेलं. खरं कारण त्याने फक्त ठिणगीला सांगितलं होतं. त्याला माणसांच्या मनातलं ऐकू यायचं. दहा माणसं जमली की दहा बडबडी एकदम सुरू. मग तिनेही आपलं गुपित त्याला सांगितलं. दुकानामागच्या अरुंद बोळात, लाकडी खोक्यांवर गुडघ्याला गुडघा लावून दोघं तासन्‌तास बसायची. त्याचा हात भुशाने खरखरीत असायचा. तो हातात घेतला की तिला निदान जागं असल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी तिने काचेचा एक तुकडा खोक्यावर ठेवला. "बघ हं, फोडून दाखवते," म्हणाली. डोळे वटारून झाले, दातओठ खाऊन झाले. काच ढिम्म.

"पूर्वी जमायचं रे. आता काय झालंय कोण जाणे!"

ठोंब्याचा चेहरा उतरला. "नाही जमणार," तो खाली बघत म्हणाला. "तुझी आई रोज सकाळी तुझ्या दुधात गोळी कुटून घालते. शांत राहण्याची. बाबाच आणून देतात."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यांदा दुकानात आलो तेव्हापासून. बाबांच्या मनात तेच चाललं होतं."

"आणि तू मूग गिळून बसलास?"

"त्या दोघांची भीती ऐकलीस ना, तर तूसुद्धा..." तो अडखळला. "आणि तुझं मन फार शांत होतं गं. अख्ख्या बाजारात तेवढीच एक जागा, जिथे माझं डोकं दुखायचं नाही."

तिने हात झटकन सोडवून घेतला. "म्हणजे तुला मी आवडलेच नाही. गोळी आवडली!"

दुसऱ्या दिवसापासून दूध मोरीत जाऊ लागलं. चारआठ दिवसांत कापूस विरघळला आणि राग परतला, तोही वर्षभराच्या थकबाकीसह. ठोंब्या बोळात यायचा, खोक्यावर बसून वाट बघायचा. ती फिरकली नाही.

मग एका सकाळी आईने तिला दूध ओतताना पकडलं. तशीच हाताला धरून तिला थेट दुकानात बाबांकडे घेऊन गेली.

"ही दूध ओतून देते आहे," आई म्हणाली.

"पोरी, तुझ्या भल्यासाठीच..." बाबांनी हातातली काच कापायची हिरकणी खाली ठेवली.

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सवयीने तिने ओठ घट्ट मिटले आणि आवंढा गिळला. मागच्या काचा किणकिणू लागल्या. एका मोठ्या काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेला. आईने चेहऱ्यावर हात घेतले.

इतक्यात ठोंब्या दारात धडकला. दोन्ही कानांवर हात, चेहरा पांढराफटक. तिच्या मनातला कल्लोळ त्याला दोन दुकानांपलीकडे ऐकू गेला होता.

"गिळू नकोस!" तो ओरडला. "गिळतेस तेव्हाच तडकतं! बोल, बोलून टाक!"

आणि ती बोलली. बोलली कसली, फाडफाड सुटली. "माझं वर्ष खाल्लंत तुम्ही! मी पेंगत होते आणि तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकत होतात! मला विचारायचं तरी होतं, आई! बाबा, मी काय दुकानातला माल आहे, फुटू नये म्हणून गुंडाळून ठेवायला?" रस्त्यावरची माणसं थबकली. घसा बसेपर्यंत ती ओरडली.

त्यानंतर एकही काच हलली नाही.

बाबा काचांकडे बघत स्टुलावर बसले. आई रडत पुढे आली, तिला जवळ घ्यायला हात पुढे केला.

"आत्ता नको," ठिणगी म्हणाली. "मी अजून रागावलेली आहे आणि पुष्कळ दिवस रागावणार आहे. ऐकून घ्यावं लागेल."

आईने हात मागे घेतला. मान मात्र डोलावली.

ठिणगी दाराकडे वळली. "डोकं दुखतंय का रे?"

"फुटायला आलंय," ठोंब्या म्हणाला.

"मग जा ना, कुठेतरी शांत जागा शोध."

"नाही जात. शांत होती ती तू नव्हतीसच. ही आहेस."

"गोड बोलून सुटशील असं वाटलं का? माझ्याबद्दल कुणाच्याही मनात काहीही ऐकलंस, तर त्याच दिवशी मला सांगायचं. एकदा जरी लपवलंस तर तोंड बघणार नाही."

"सांगेन."

"आणि माफ केलेलं नाही अजून."

"ऐकू येतंय," तो कसंनुसं हसला.

तडकलेली काच तिथे ठेवणं धोक्याचं होतं. तिने जाड हातमोज्यांचा एक जोड त्याच्या अंगावर फेकला. "ते टोक धर. हळू. आणि माझं बोलून संपलेलं नाही." रस्त्यापलीकडे नेऊन टाकायला दोघांनी काच उचलली. दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्ता ओलांडेपर्यंत ती त्याच्याशी भांडतच होती, आणि तो काच सांभाळत, एकेक शब्द ऐकत, उलटा चालत होता.