फसलेली बोअर आणि हैदराबादचा अर्ज

हैदराबादच्या संस्थेचं परिपत्रक पालघरच्या भूजल कार्यालयात येऊन अठरा दिवस साहेबांच्या पेपरवेटखाली पडलं होतं. कृष्णकांत राऊतच्या हातात पडलं तेव्हा मुदतीला नऊ दिवस उरले होते. नोकरीतल्या भूवैज्ञानिकांसाठी सहा आठवड्यांचं प्रशिक्षण; विमानातून काढलेले फोटो वाचून जमिनीखालचं पाणी कसं शोधायचं ते शिकवणार. वयाची अट पंचेचाळीस. कृष्णकांतला येत्या ऑगस्टात, सत्त्याऐंशी सालीच, पंचेचाळीस पुरी होणार होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

कॉलेज सुटून बावीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात सरकारने त्याला एक हातोडा, एक होकायंत्र आणि चार बदल्या दिल्या, शिकायला एक दिवस दिला नाही. गावची सुईणसुद्धा तालुक्याला जाऊन नवं शिकून येते. भूवैज्ञानिकाने मात्र पासष्ट साली जे घोकलं त्यावरच निवृत्तीपर्यंत भोकं पाडायची. आणि भोक कोरडं निघालं तर तहानलेला राहतो तो वेगळाच. पालघरजवळच्या माहीमला कृष्णकांतच्या वाडीत विहीर मे महिन्यातही भरलेली असे.

अर्जाच्या शेवटच्या पानावर गोम होती. आपण स्वतः जागा ठरवलेली आणि फसलेली एक बोअर निवडा, ती का फसली ते नकाशासह लिहा.

ते वाचून त्याला हसू आलं. कार्यालयात फसलेली बोअर नव्हतीच. बोअर कोरडी गेली की रजिस्टरात शेरा मारायचा, 'ग्रामस्थांच्या आग्रहावरून जागा बदलली.' साहेब सही करत, भूवैज्ञानिक सुटे, ठेकेदाराचं बिल निघे. ज्या गावाने हा 'आग्रह' केला त्याला पुढची पाच वर्षं दुसरी बोअर नाही, कारण ते गाव ऐकत नाही. सरकारात कोणी खोटं बोलत नाही, फक्त रकाने भरतात.

हा रकाना त्याने स्वतः अकरा वेळा भरला होता.

त्यातली एक त्याने काढली. मनोरच्या अलीकडचा खडकीपाडा, चौऱ्याऐंशी साल. रविवारी एसटीने गेला, पुढे तासभर चालला. बोअरचा पाइप तसाच होता, कोणीतरी त्यात धोंडा ठोकून बसवला होता. बुधी नावाची एक बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढत होती. ती थांबली.

"तू तोच ना, टोपीवाला? खुंटी ठोकून गेलास तो?"

"तोच."

"आज काय इसरलंस?"

"ही बोअर का फसली ते बघायला आलोय. लिहून द्यायचंय. मग हैदराबादला शिकायला घेतील."

बुधीने त्याच्या पांढऱ्या कानशिलांकडे पाहिलं. "या वयात शाळेत घालतात काय?"

"घालतात. घेतलं तर."

"तुमच्या कागदात लिवलाय, आमी जागा बदलली," ती म्हणाली. "ग्रामसेवकानं वाचून दाखवला. आमी कवा बदलली? खुंटी तर माझ्या दादल्यानं, मंगळ्यानंच धरलेली, तू सांगितलीस तितं. आता सगला पाडा मंगळ्यालाच बोलतो, तूच सायबाला काय तरी सांगितलास. तीन वर्सं झाली, लग्नातसुद्धा कोन त्याला ताडी इचारत नाय."

 कृष्णकांतला वाटायचं, शेरा म्हणजे कागद. कागद कोण वाचतो?

तो वर टेकाडावर गेला. करवंदीच्या जाळीतून काळ्या दगडाची एक सरळ धार निघालेली दिसली. जमिनीत उभी गाडलेली भिंतच ती. असली भिंत डोंगरावरून झिरपणारं पाणी अडवते, वरच्या अंगाला साठवते आणि खालचं अंग कोरडं ठेवते. हे त्याला पहिल्या वर्षापासून पाठ होतं. पण भिंत दिसायला हवी ना. त्या दिवशी तो खाली उभा होता, बोअरचा ट्रक खालपर्यंतच येत होता, म्हणून खुंटी खाली मारली. वरून काढलेल्या फोटोत ही रेघ स्पष्ट दिसली असती. नेमकं तेच शिकायला तर त्याला जायचं होतं.

त्याने चार पानं लिहिली. शेवटी लिहिलं, 'जागा मी ठरवली होती. ग्रामस्थांनी बदलली नाही. रजिस्टरातला शेरा खोटा आहे.'

आवक-जावक बघणाऱ्या जयवंतीबाईंनी ते वाचून शिक्का हवेतच धरला. "राऊतसाहेब, आधी आत तोंडी सांगा. एकदा नंबर पडला की हा कागद मला गिळता यायचा नाही."

"म्हणूनच तुमच्याकडे आलो. मारा."

चित्रे साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने दार लोटून घेतलं.

"राऊत, त्या शेऱ्याखाली सही माझी आहे."

"माहीत आहे."

"निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत माझी. ती एक ओळ काढा, आत्ता शिफारस लिहितो. दुसरी एखादी बोअर घाला. मशीन बिघडलं म्हणा."

"मशीन बिघडलं यातून मी काय शिकणार, साहेब?"

"अहो, तुम्हाला जायचंय की नाही?"

"जायचंय," कृष्णकांत म्हणाला. "फार जायचंय. पण ओळ राहू द्या."

अर्जावर 'शिफारस नाही' असं पडलं. हैदराबादला रामनाथ गेला, चार वर्षांच्या नोकरीचा पोरगा. त्याच्या अर्जात मशीन बिघडलं होतं. स्टेशनवर कृष्णकांत त्याला म्हणाला, "नोट्स सगळ्या आण. फालतू वाटतील त्यासुद्धा." रामनाथ ओशाळून हो म्हणाला. कृष्णकांतला मात्र कारणे दाखवा नोटीस आली. पण कागदाला नंबर पडला होता. वरून विचारणा झाली, आणि खडकीपाड्याला पुन्हा बोअर मंजूर झाली.

मेमध्ये गाडी भिंतीच्या वरच्या अंगाला चढवायला अर्धा दिवस गेला. सगळा पाडा जमला होता. मंगळ्या लांब, एकटा उभा होता. ड्रिलर रामकिसनने फॉर्म काढला.

"साब, जगह किसके कहने पे? पानी देख के भरूँ?"

"आत्ताच भर." मग कृष्णकांतने फॉर्म स्वतःकडेच घेतला आणि लिहिलं.

"काय लिवतोस?" बुधीने विचारलं.

"जागा कोणी ठरवली ते."

"मंग मोठ्यानं वाच."

त्याने वाचलं. जागा ठरवणारा, कृष्णकांत राऊत. मागचीही त्यानेच ठरवली होती, तेही सांगितलं, मंगळ्याचं नाव घेऊन सांगितलं. एका म्हाताऱ्याने कमरेची बिडी काढली, थोडा वेळ हातात फिरवली आणि मंगळ्याकडे चालत गेला.

मंगळ्याने बिडी घेतली. मग तिथूनच ओरडून विचारलं, "आन् ही पन कोरडी गेली तं?"

"तरी माझंच नाव," कृष्णकांत म्हणाला, आणि रामकिसनला मशीन चालू करायला सांगितलं.