बिनमिठाचा भात

सान एउलोहियो गावात पन्नास माणसं गोळा करणं एदेल्मिरा सिऊला कधीच अवघड गेलं नव्हतं. तिच्या चिनी खानावळीबाहेर रविवारी दुपारी तेवढी माणसं नुसती ताटकळत उभी असायची. पण ‘माझे पूर्वज चिनी होते’ असं लिहून खाली सही करणारी पन्नास माणसं हवीत म्हटल्यावर अख्ख्या गावाने कानावर हात ठेवले.

दफनभूमीच्या मागच्या भिंतीपलीकडे वाळूचा एक उतार होता. उसाच्या मळ्यात राबायला करारावर आणलेल्या चिन्यांना तिथे पुरत. बाप्तिस्मा झालेला नाही म्हणून पाद्री त्यांना भिंतीच्या आत घेत नसे. ना क्रूस, ना दगड, नुसते उंचवटे, आणि तेही वारा दरवर्षी थोडेथोडे घेऊन जाई. त्यातल्याच कुठल्यातरी उंचवट्याखाली एदेल्मिराचे पणजोबा होते. “तिथे एक दगड उभा कर, पोरी,” एवढंच तिच्या बापाने मरताना मागितलं होतं.

आणि आता नगराध्यक्ष विल्फ्रेदो ओर्मेन्यो तिथे फुटबॉलचं मैदान करायला निघाले होते.

“एदेल्मिराबाई, तुमच्या एकटीच्या पणजोबासाठी मी गावाचा फुटबॉल थांबवू होय?” ते म्हणाले होते. “एक नोव्हेंबरपर्यंत पन्नास वंशजांच्या सह्या आणा. मग दगडच काय, कुंपणसुद्धा घालतो.”

“आणि नाही आणल्या तर?”

“तर दोन तारखेला बुलडोझर.”

दोन महिने उंबरे झिजवून चौदा सह्या झाल्या. त्यातल्या नऊ सिऊंच्याच. बाकीच्यांनी तीन पिढ्यांपूर्वीच मळेवाल्यांची आडनावं लावली होती आणि आजोबांना सोयीस्करपणे विसरून टाकलं होतं. कुणालाही विचारा, त्याचे पूर्वज थेट स्पेनहून आलेले, तेही सरदार घराण्यातले. मग या गावात ऊस कापला तरी कुणी, असं एदेल्मिरा औषधवाल्या सालसेदोला तोंडावर विचारून आली. त्याने तिला डोकेदुखीची गोळी दिली.

एक नोव्हेंबर उजाडला. सर्व संतांचा दिवस. गाव फुलं, बिअर आणि बँडवाले घेऊन आपापल्या कबरींकडे निघालं. एदेल्मिराने मात्र हात टेकले होते. ती भांडी आपटत खानावळीत बसली होती.

“बाई, पुन्हा तेच,” चुलीपासून कासिमिरो ओरडला. तीस वर्षं तो तिच्याकडे आचारी होता आणि तीस वर्षं कुरकुरत होता. “एक पांढरा भात. मीठ नको, लसूण नको. वर तीन चिमुकले पेले उसने.”

“मग दे की.”

“देतोच. दरवर्षी या दिवशी देतो. सकाळपासूनची ही बाविसावी ऑर्डर. पण बिनमिठाचा भात या गावात खातं कोण? माझ्या बायकोने असा भात वाढला, तर मी आईकडे निघून जाईन.”

“पथ्य असेल कुणाचं.”

“एकाच दिवशी बावीस जणांना पथ्य?”

एदेल्मिराच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तिचे बाबा पहाटेच्या अंधारात त्या वाळूवर भात ठेवायचे, तो असाच. मीठ नाही, लसूण नाही, पुढे पिस्को दारूचे तीन पेले. हे फक्त सिऊंच्याच घरात चालतं, असं ती जन्मभर धरून चालली होती.

“कासिमिरो, ही माणसं भात नेतात कुठे?”

“मला काय ठाऊक? मला तुम्ही चुलीपासून हलू देता कधी?”

तिने ॲप्रन भिरकावला, घडीचं टेबल काखेत मारलं, सह्यांची वही घेतली आणि दफनभूमीच्या मागच्या दाराबाहेर जाऊन ठाण मांडलं.

पहिला आला सालसेदोच. तिला पाहून त्याने ताट टोपीखाली लपवलं.

“हे... कुत्र्यांसाठी.”

“तीन पेले पिस्को पिणारी कुत्री?”

सालसेदो लालबुंद झाला. “आजी ठेवायची, म्हणून ठेवतो. कशासाठी ते कुणी कधी विचारलं नाही.”

“मी विचारतेय.”

तो उकिडवा बसला, वाळूत भात ठेवला, पेले भरले. मग उठून सही करून गेला. त्याच्यामागे पावाच्या दुकानातली बाई, मग तिचा दीर, मग शाळेतले दोन मास्तर. चार गाणी आत वाजेपर्यंत वाळूवर ताटांची रांग लागली. एदेल्मिराला हसू येत होतं आणि रागही. तिच्याच चुलीवरचा भात, आणि तिलाच पत्ता नाही! तिने रडूनही घेतलं थोडं. दुपारपर्यंत एकसष्ट सह्या झाल्या.

तीनच्या सुमाराला मागच्या दारातून नगराध्यक्ष आले. हातात रुमालाने झाकलेलं ताट.

“सह्या मोजायला आलात?”

“नाही हो. आईचे गुडघे धरलेत, म्हणून तिने मला पिटाळलं. भिंतीपलीकडे ठेव म्हणाली, आजोबांसाठी.” त्यांनी भिंतीवरून आत पाहिलं. तिथे ओर्मेन्यो आजोबांची संगमरवरी कबर होती, देवदूतासकट. “पण आजोबा तर आत आहेत.”

दोन महिने धार लावून ठेवलेला टोमणा एदेल्मिराच्या ओठांवर आला आणि तिथेच राहिला. त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता.

“तुमच्या नव्हे, तिच्या आजोबांसाठी,” ती म्हणाली. “आधी भात ठेवा. निवतोय.”

इस्त्रीच्या विजारीनिशी नगराध्यक्ष वाळूत गुडघ्यांवर बसले. उठले तेव्हा विजार झटकायचंही त्यांना सुचलं नाही. ते टेबलाशी आले.

“एकसष्ट झाल्यात,” एदेल्मिरा म्हणाली. “तुमच्या सहीवाचून अडलेलं नाही.”

“वही द्या.”

सही झाली. शेजारच्या, पूर्वजाच्या नावाच्या रकान्यात पेन थांबलं. तो रकाना बहुतेकांनी कोराच सोडला होता. नगराध्यक्षांनी फोन काढून स्पीकरवर टाकला.

“आई, त्यांचं नाव काय होतं?”

“कुणाचं?”

“भाताच्या आजोबांचं.”

आत बँडचं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं.

“अठ्ठ्याहत्तर वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही रे,” म्हातारी म्हणाली. “आकुय. आकुय म्हणायचे त्यांना. मांडीवर बसवून मला ऊस सोलून द्यायचे.” मग नाक ओढल्याचा आवाज आला. “आणि काय रे, भातात मीठ नाही ना घातलंस?”

“नाही, आई,” नगराध्यक्ष म्हणाले, आणि नाव लिहू लागले.